पाळीची पाटी

नागपूरच्या गप्पांत हल्ली एक वाक्य हटकून येतं: "फ्लॅट झाले अन् शेजार गेला." महाल भागातले वाडे पडले, धरमपेठ-लक्ष्मीनगरात बंगल्यांच्या जागी स्कीम, म्हणजे फ्लॅटच्या इमारती, उभ्या झाल्या, आणि समोरच्या दारामागे कोण राहून राहिलं हे ठाऊक नसतं. मग अंगणं, ओटे आणि वाटीभर साखरेची आठवण निघते.

भिंतींना दोष देणं सोपं आहे. पण मी राहतो त्या जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये लोक पिढ्यान्‌पिढ्या फ्लॅटमध्येच राहत आले आहेत. त्यांचा स्वभाव नागपूरकरापेक्षा मोकळा आहे असं कुणी शपथेवरही म्हणणार नाही. तरी जिना स्वच्छ असतो, दारापुढचं बर्फ सकाळी बाजूला झालेलं असतं आणि घरी नसाल तर पार्सल शेजारी घेऊन ठेवतो. हे मायेनं होत नाही, पाळीनं होतं.

त्या पाळीचं नाव केरवोखे, म्हणजे झाडण्याचा आठवडा. ('केर' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, हा योगायोग गमतीचा.) पद्धत अशी: पुठ्ठ्याची किंवा लाकडाची छोटी पाटी दाराच्या मुठीला लटकते. ज्याच्या दाराला पाटी, त्याचा आठवडा. लहान पाळीत आपल्या माळ्याचा पॅसेज आणि खालच्या माळ्यापर्यंतच्या पायऱ्या झाडून पुसायच्या. मोठ्या पाळीत तळघर, मुख्य दार, पुढचा फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फ. काम झालं की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. निरोप नाही, मीटिंग नाही. या प्रथेची मुळं पंधराव्या शतकाच्या अखेरच्या फर्मानांत सापडतात. शहरानं ही सक्ती १९८८ मध्ये काढून टाकली, पण भाड्याच्या करारांतून आणि इमारतींच्या नियमांतून पाटी आजही फिरते.

म्हणून इथे सगळं छान आहे असं नाही. रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावलं की दार ठोठावण्याऐवजी जिन्यात चिठ्ठी चिकटते, तीही बिननावाची. पाच वर्षं एकाच जिन्यात भेटणारी माणसं एकमेकांना आडनावानंच हाक मारतात. एकटेपणावर उपाय म्हणून जर्मन सरकारला डिसेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र धोरण जाहीर करावं लागलं. पायऱ्या पुसल्यानं माणूस माणसाशी बोलेलच असं नाही.

नागपुरात नेमकं उलट आहे. कुणाच्या घरी मयत झाली तर अर्ध्या तासात चाळीस माणसं उभी होतात, तीन दिवस डबे येतात. पण जिन्यातला दिवा तीन महिने बंद असतो. कारण दिवा 'सगळ्यांचा' असतो. शेवटी एक काका पुढे येतात, टाकीवाल्याला फोन करतात, लिफ्टवाल्याशी भांडतात, वर्गणीसाठी दारोदार फिरतात. दोन वर्षांनी कुणीतरी त्यांनाच हिशेब मागतं, ते वही आदळून मोकळे होतात आणि स्कीम पुन्हा पोरकी. त्या काकांची पाळी कधी संपतच नव्हती, घोटाळा इथे आहे.

पाळी नागपुरात रुजवायची तर जिन्यापासून सुरुवात करू नये. झाडायला बाई असतेच, तिथे पाटी दोन आठवड्यांत थट्टेचा विषय होईल. सुरुवात कूलरपासून करावी. एप्रिल-मे महिन्यांत एका स्कीममधली निम्मी भांडणं कूलरच्या पाण्याची असतात: वरच्याचं पाणी खालच्याच्या वाळवणावर. वरचा म्हणतो, आमचा कूलर गळत नाही. तो खोटं बोलत नसतो, टाकीला भोक नसतंच. नागपूरच्या उन्हात पाणी भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात. ते वरच्या नळीच्या बारीक भोकांत बसतात. दहापैकी सहा भोकं बुजली की पंपाचा सगळा जोर उरलेल्या चारांतून निघतो, धार ताटीच्या (कूलरच्या बाजूच्या गवती पडद्याच्या) बाहेर उडते आणि पाणी जाळीवरून खाली ठिबकतं. दुसरं कारण बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता नळ: तोही क्षारानं अडकतो आणि टाकी भरून वाहते. उपाय पंधरा मिनिटांचा. आधी स्विच बंद करून पिन काढायची (पत्र्याच्या कूलरला ओल्या हातानं शिवणं हा जिवाशी खेळ आहे), नळीची भोकं सुईनं मोकळी करायची, ताटी आत दाबून बसवायची आणि टाकीच्या निचऱ्याला अर्ध्या इंचाची नळी लावून ती थेट मोरीत सोडायची.

याच कूलरशी डेंग्यूही जोडलेला आहे. महापालिकेची माणसं सांगतात तो 'कोरडा दिवस' म्हणजे आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करणं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. ब्रशनं घासावं लागतं. खरा धोका मे महिन्यात नसून जुलैत असतो. कूलर बंद पडतो, टाकीत चार बोटं पाणी तसंच राहतं आणि खिडकीकडे कुणी बघत नाही. बारा फ्लॅटपैकी अकरांनी टाक्या घासल्या आणि एकानं नाही, तर डास बाराही घरांत जातो. म्हणून इथे पाटी हवी. रविवारी ज्याच्या दाराला पाटी, त्यानं सकाळी बाराही दारं वाजवून "टाकी ओतली का?" एवढंच विचारायचं. विचारायला दारात उभं राहिलं की बाकीचं बोलणं होतंच, नागपूरकराला त्यासाठी सरकारी धोरण लागत नाही.

दुसरी गोष्ट किल्लीची. परदेशात बसलेल्यांनी शेजारधर्मावर लिहिण्यात स्वार्थ आहे हे मान्य करून लिहितो, कारण आपले आईबाबा तिथे एकटे आहेत आणि रात्री दोन वाजता विमान कामाचं नसतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या घरांत झोपेत पाणी शिरलं. अशा वेळी तळमजल्यावर कोण एकटं आहे हे फक्त शेजाऱ्याला ठाऊक असू शकतं.

जादा किल्ली आपल्याच माळ्यावरच्या घरी द्यावी आणि दुसरी वेगळ्या माळ्यावर, कारण एक कुटुंब नेमकं लग्नाला गेलेलं असतं. किल्लीचं पाकीट चिकटवून त्यावर सही करावी, दोन्हीकडून संकोच उरत नाही. पण बहुतेक ठिकाणी चूक पुढे होते: आजी रात्री आतून कडी लावतात, मग बाहेरची किल्ली निरुपयोगी. कडी काढून नाइट लॅच (बाहेरून किल्लीनं उघडणारं कुलूप) बसवणं, हाच खरा निर्णय. किल्लीसोबत एका कागदावर औषधं, डॉक्टर, मुलांचे नंबर आणि गॅसचा रेग्युलेटर व मेन स्विच कुठे आहे ते लिहावं. लिफ्ट चार माणसांची असेल तर स्ट्रेचर आत जात नाही, तेव्हा हाताची एक मजबूत खुर्ची खाली पार्किंगमध्ये कायम असावी. १०८ ला फोन केल्यावर एकानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहावं, कारण आपल्याकडच्या लेआउटमध्ये प्लॉट नंबर सतराच्या शेजारी अठरा असेलच असं नाही.

पाळीच्या यादीत भाडेकरू हवेत. मीटिंगला त्यांना बोलवत नाहीत, इंजिनिअरिंगच्या पोरांकडे तर चोरासारखं बघतात. पण रात्री दोनला खुर्ची उचलून खाली आणणारे हात त्यांचेच आहेत. जुन्या मोहल्ल्याच्या आठवणी काढताना हेही आठवावं: ती वाटीभर साखर बहुधा जातीची हद्द पाहूनच फिरायची. फ्लॅटनं ती हद्द थोडी पुसली, त्याबद्दल त्याला कुणी श्रेय देत नाही.

आणि कोजागिरी. तीनशे रुपये वर्गणी काढून केटरर बोलावला की सगळे पाहुणे होतात, खाऊन खाली जातात. चाळीस माणसांना आठ लिटर दूध पुरतं. आटून साडेसहा होतं, प्रत्येकाला साधारण एकशे साठ मिली. साखर सातशे ग्रॅम, तीही शेवटी, नाहीतर बूड लागतं. पातेलं जाड बुडाचं, दूध ओतण्याआधी आतून पाण्यानं ओलं केलेलं. ढवळायला तासभर एक माणूस लागतो, म्हणजे दहा-दहा मिनिटांचे सहा. चारोळी कुणी, वेलची कुणी. पेला ज्याचा त्यानं आणायचा, श्टुटगार्टमधल्या अंगणातल्या जेवणाला लोक आपलं ताट-काटा घेऊन येतात तसा. कागदी कप नकोत, धुवायला चार जण मागे थांबतात तेव्हाच खरं बोलणं होतं.

पाटीसाठी प्लायवूडचा वीतभर तुकडा आणि सुतळी पुरते. ती कुठेतरी अडेल, तिसऱ्या माळ्यावर दोन आठवडे लटकून राहील. तेव्हा ग्रुपवर फोटो टाकू नये. संध्याकाळी सात वाजता जाऊन दार वाजवावं. बहुतेक वेळा आत कुणीतरी आजारी असतं.