धडधाकट गळ्याला मशीन लावू नका

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या महिला ग्रुपवर एका लॅबची जाहिरात आली. गळ्याला हात लावून हसणारी बाई आणि वर मोठ्या अक्षरांत: केरळमध्ये बायकांना थायरॉइडचा कॅन्सर झपाट्याने होतोय, तुम्ही तपासलंत का? खाली गळ्याच्या सोनोग्राफीवर महिनाभर सवलत. दुपारपर्यंत कितीतरी जणींनी नावं देऊनही टाकली. एकीने लिहिलं, आयोडीनचं मीठ बंद करा, त्यानेच होतंय. दुसरीने अणुभट्टीचा विषय काढला. तिसरी म्हणाली, कशाने का होईना, तपासून घेतलेलं बरं.

हे तिसरं वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं. ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं होतं, पण दोन ओळींत मावणारी ही गोष्ट नाही. म्हणून इथे लिहितेय. लांब झालंय, तरी वाचा. आईला, बायकोला, सासूला वाढदिवसाची भेट म्हणून चेकअपचं पॅकेज देणाऱ्या सगळ्यांनी तर वाचाच.

माझ्या मोठ्या वहिनीला अशीच भेट मिळाली होती. पन्नासावा वाढदिवस, बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा, त्याने ऑनलाइन बुक केलेलं फुल बॉडी चेकअप. वहिनी ठणठणीत होती. शिवणकाम करते ती, ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत रात्री दोन-दोनपर्यंत मशीनवर बसायची. चेकअपमध्ये गळ्याची सोनोग्राफीही होती. त्यात गाठ दिसली ७ मिलिमीटरची, तुरीच्या दाण्याएवढी. हाताला लागत नव्हती, गिळायला त्रास नव्हता, आवाज खणखणीत. मग सुई टोचून तपासणी, मग रिपोर्ट: पॅपिलरी कार्सिनोमा, म्हणजे थायरॉइडच्या कॅन्सरचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार. घरात कॅन्सर हा शब्द आला आणि सगळ्यांचे पाय गळाले. पंधरवड्याच्या आत पूर्ण थायरॉइड काढून झाली.

पुढचं नंतर सांगते. आधी केरळचं बघू, कारण भीती तिथून विकली जातेय.

केरळचा आकडा खोटा नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात बायकांमधलं थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण देशातल्या सर्वात वरच्या आकड्यांमध्ये आहे, आणि २००५ ते २०१४ या काळात ते जवळपास दुप्पट झालं. आता आपल्या बार्शीकडे या. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून गावोगावी जाऊन कॅन्सरच्या नोंदी ठेवल्या जातात, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती. तिथे हा कॅन्सर क्वचित सापडतो. एकाच देशातल्या बायका, एकच ग्रंथी आणि आकड्यांत एवढं अंतर!

मिठामुळे म्हणाल, तर आयोडीनचं मीठ बार्शीतही खातात. किरणोत्सर्गामुळे म्हणाल, तर केरळच्या कोल्लम जिल्ह्यात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यात किरणं सोडणारं थोरियम आहे, तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे सगळं खरं. पण तिथल्या लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून अभ्यास झाला आणि त्या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही. मग केरळमध्ये जास्त आहे काय? दवाखाने जास्त आहेत. सोनोग्राफी जास्त आहे. शिकलेल्या, स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष देणाऱ्या बायका जास्त आहेत, आणि त्यांच्या गळ्यावरून ते मशीन फिरतंय. बघाल तिथे सापडणार. नकाशावर जिथे गडद रंग दिसतो तिथे आजार किती आहे यापेक्षा तपासण्या किती होतात हेच जास्त कळतं.

माझ्या मनचं सांगत नाहीये. दक्षिण कोरियात हे अख्ख्या देशाबाबत घडून गेलंय. १९९९ साली तिथे सरकारने कॅन्सर तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. त्यात थायरॉइड नव्हतंच. पण दवाखान्यांनी थोडे जास्त पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी सोबत द्यायला सुरुवात केली, आलाच आहात तर हेही करून घ्या म्हणून. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या एका वर्षात ४०,००० हून जास्त माणसांना कॅन्सर सांगितला गेला. कोरियातला सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर झाला हा! आणि या कॅन्सरने मरणारे? वर्षाला ४०० सुद्धा नाहीत. आधी जेवढे मरत होते तेवढेच. खरंच रोग पंधरा पट वाढला असता तर मरणारे वाढले असते. किंवा लवकर सापडून जीव वाचत असते तर मरणारे कमी झाले असते. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. हजारो लोकांचे गळे मात्र कापले गेले. ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण ११ टक्के लोकांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी कामातून गेल्या, २ टक्क्यांच्या स्वरयंत्राची नस गेली.

वहिनी त्या अकरा टक्क्यांतली. कोरियातली नसली म्हणून काय झालं.

थायरॉइडच्या मागे चार बारीकशा पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या तर कॅल्शियम कोसळतं. वहिनी घरी आली आणि एका रात्री तिच्या ओठांना मुंग्या आल्या, मग बोटं आखडली, हाताचा पंजा उघडेना. दादा तिला तसंच रिक्षात घालून घेऊन गेला. तेव्हापासून कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून किती वेळा, व्हिटॅमिन डी वेगळं, थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी जन्मभर. एखादी वेळ चुकली की हुक लावताना बोटं वाकडी होऊन राहतात. ज्या हातांवर तिने घर चालवलं, ते हात!

आणि सगळे नातेवाईक येऊन काय म्हणतात? बाई वाचली. देवाची कृपा, वेळेवर कळलं. मला तेव्हा ओरडावंसं वाटायचं. वाचली कशापासून?

१९८५ साली फिनलंडमध्ये १०१ मृतदेहांच्या थायरॉइडच्या अगदी पातळ चकत्या करून तपासल्या. ही माणसं थायरॉइडमुळे मेलेली नव्हती. तरी जवळपास ३६ टक्क्यांमध्ये बारीक पॅपिलरी कॅन्सर निघाला. म्हणजे तीन माणसांमागे एक जण तो गळ्यात घेऊन जगला, म्हातारा झाला, दुसऱ्याच कशाने गेला आणि त्याला कधी कळलंही नाही. हे वाचल्यापासून मी कुठल्याही समारंभात बायका बघते तेव्हा मनात येतं, यातल्या कितीजणींच्या गळ्यात असेल, आणि बऱ्या आहेत त्या, हसतायत, जेवतायत. त्यांना कुणीतरी त्या सवलतीच्या तपासणीला नेऊन बसवलं की त्याच बायका कॅन्सरच्या पेशंट होणार.

हो, किरणोत्सर्गाने हा कॅन्सर होतो, नाही कुठे म्हणतेय मी. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या काही भागांत किरणोत्सर्गी आयोडीन गवतात, गवतातून दुधात आणि दुधातून पोरांच्या गळ्यात गेलं. तेव्हा लहान किंवा किशोरवयीन असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत ६,००० हून अधिक जणांना हा कॅन्सर निघाला. त्यातही जिवानिशी गेलेले तोपर्यंत पंधराच्या आसपास. खरं कारण असतं तिथे ते असं दिसतं: एक घटना, एक प्रदेश, एक वयोगट. आपल्या सोसायटीत काय फुटलंय?

आणि मिठाचा तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना हात जोडून सांगते, थांबा. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं, १९६२ साली देशभर कार्यक्रम सुरू झाला. मिठात आयोडीन नव्हतं तेव्हा डोंगरी भागातल्या बायकांचे गळे सुजलेले असायचे आणि त्यांच्या पोटी मतिमंद, मुकीबहिरी मुलं जन्माला यायची. आयोडीन पुरेसं झालं की पॅपिलरी प्रकाराचा वाटा वाढतो, एवढं मान्य. पण त्याच वेळी जे त्याहून जास्त घातक प्रकार, फॉलिक्युलर आणि विशेषतः अ‍ॅनाप्लास्टिक, त्यांचा वाटा घटतो. हे मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं. घरातलं मीठ बदलून गरोदर सुनेच्या बाळाशी खेळू नका.

माझ्या भावाचा एक डॉक्टर मित्र आहे, भला माणूस. तो म्हणतो, त्या बारीक गाठींमधली एखादी वाईट निघते आणि कुठली ते आधी ओळखता येत नाही. बरोबर आहे त्याचं. अमेरिकेत मोठ्या गाठींचं प्रमाणही थोडं वाढलंय, तेही खरं. पण म्हणून सगळ्याच कापायच्या का? जपानमध्ये कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलमध्ये डॉ. अकिरा मियाउची यांनी १९९३ मध्ये वेगळी वाट धरली. एक सेंटिमीटरच्या आतल्या, धोक्याच्या जागी नसलेल्या गाठी कापायच्या नाहीत, ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचं. दहा वर्षांत शंभरातल्या साधारण आठ गाठी ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढल्या. गळ्यातल्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पसरल्या त्या चाराच्याही आत. वाढल्या त्यांची ऑपरेशनं नंतर केली, तीही नीट पार पडली. नुसतं लक्ष ठेवलेल्या हजाराहून जास्त लोकांच्या अभ्यासात या कॅन्सरने एकही दगावला नाही.

वहिनीला हा पर्याय कुणी सांगितलाच नाही. निम्मीच ग्रंथी काढून भागलं असतं का, हेही नाही. सांगितलं असतं आणि तिने ऑपरेशन निवडलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

लिहिता लिहिता आवाज चढला माझा. त्या सर्जनला मी खलनायक समजत नाही. रिपोर्टमध्ये कॅन्सर लिहून आल्यावर समोर बसलेल्या घाबरलेल्या बाईला 'थांबू या' म्हणायला छाती लागते, आणि उद्या काही झालं तर पहिला दगड त्याच्याच दवाखान्यावर पडणार. भाच्यालाही काही म्हणत नाही. आईच्या काळजीने केलं त्याने. परवा फोनवर म्हणाला, "आत्या, मी ते पॅकेज घेतलंच नसतं तर?" मी त्याला म्हटलं, बाळा, तू प्रेमाने दिलंस, ते पॅकेज बनवणाऱ्याला माहीत असायला हवं होतं.

राग आहे तो त्या पॅकेज बनवणाऱ्यावर. कुठलंही लक्षण नसलेल्या मोठ्या माणसाचा थायरॉइड कॅन्सरसाठी गळा तपासू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलंय. २०१६ मध्ये बारा श्रीमंत देशांचे आकडे बघून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने हिशेब मांडला: वीस वर्षांत ४,७०,००० बायका आणि ९०,००० पुरुष या कॅन्सरचे विनाकारण पेशंट झाले. बायका किती आणि पुरुष किती ते बघा. तपासणीच्या रांगेत पुढे बायकाच, ऑपरेशनच्या टेबलावरही बायकाच. आणि या सगळ्यानंतर २०२० च्या पुढे आमच्या शहरात गुलाबी जाहिराती निघतायत? कोरियात २०१४ मध्ये डॉक्टरच उभे राहिले, जाहीर पत्र काढलं, हे थांबवा म्हणाले, आणि वर्षभरात ऑपरेशनं एक तृतीयांशाने कमी झाली. आपल्याकडचे डॉक्टर हे कधी बोलणार?

तपासणीच्या विरोधात मी नाही, हे शंभरदा सांगायची तयारी आहे. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या लोकांनी सव्वा लाखाहून जास्त खेड्यातल्या बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी एकदाच, फक्त एकदा एचपीव्ही तपासणी, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी केली तर त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे जगाने वाचलं. आमच्या ग्रुपवर याची जाहिरात मी आजवर पाहिली नाही. ती तपासणी किती जणींनी केलीय, विचारा एकमेकींना. तोंडात तंबाखूची गोळी ठेवणाऱ्या आपल्या कामवाल्या मावशींचं तोंड कुणी उघडून बघितलंय का, तेही विचारा.

ज्यांना गळ्याला हात लावल्यावर गाठ लागते, गाठ वाढतेय, आवाज बसलाय तो सुटत नाही, गिळताना अडकतं, घरात कुणाला थायरॉइड कॅन्सरचा मेड्युलरी प्रकार (हा घराण्यातून येऊ शकतो) झालाय, किंवा लहानपणी मानेला रेडिएशन दिलंय, त्यांनी हे वाचून घरी बसू नये. उद्याच डॉक्टरकडे जा. हे लक्षणं नसलेल्या, धडधाकट बायकांसाठी आहे.

आणि ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आधीच आहे, त्यांनी घाबरून तारीख घेऊ नका. गाठ किती मिलिमीटरची, श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला लागून आहे का, लसिकाग्रंथींत काही दिसतंय का, थांबून लक्ष ठेवता येईल का, काढायचीच तर अर्धी काढून चालेल का, हे सगळं विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या. उत्तर द्यायला ज्याला वेळ नाही त्याच्याकडून ऑपरेशन करून घेऊ नका. हे लिहायच्या आधी मी वहिनीला विचारलं होतं. ती म्हणाली, लिही, आणि कुणाला बोलायचं असेल तर माझा नंबर दे. तेव्हा मला मेसेज करा. दुपारी दोन ते चार ती मशीनवर नसते, तेव्हा बोलेल.