भरपाईचा आकडा आणि सहीबद्दल: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की ओल्या फरशीवरून घसरून मनगट मोडल्यावर तुम्ही आमच्या ऑफिसात आलात. आम्ही भरपाई किती मिळेल ते सांगितलं नाही, विमा कंपनी लगेच पैसे द्यायला तयार असताना सही करू दिली नाही, उलट चपला, पगाराच्या स्लिपा, फिजिओथेरपीची बिलं मागून दमवलं, आणि शेवटी तुम्ही दुसरे वकील पाहिलेत. हात प्लास्टरमध्ये असताना कागद गोळा करत फिरणं किती जिवावर येतं, ते समोर बसलेल्या माणसांकडून मी कायम ऐकतो. तुमचा राग समजतो. तुमच्या प्रकरणातलं मात्र इथे काहीच लिहिणार नाही. अशिलाने चारचौघांत तक्रार केली तरी त्याची माहिती जपणं वकिलावर बंधनकारकच राहतं. तुम्ही काढलेल्या मुद्द्यांवर तेवढं बोलतो, म्हणजे अशाच दुखण्यात हे वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.

आधी सहीचं. माझ्या मते माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. विमा कंपनी सुरुवातीलाच जो चेक पुढे करते, त्याच्यासोबत 'फुल अँड फायनल'चा कागद असतो. त्यावर सही झाली, की त्या पडण्यातून पुढे काहीही उद्भवलं तरी सहसा पुन्हा दाद मागता येत नाही. आता मनगटाचंच घ्या. अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचं एक छोटं हाड असतं. हात टेकून पडलं की ते मोडू शकतं, पण बारीक तडा पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. म्हणूनच शंका असेल तर डॉक्टर १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला लावतात. या हाडाला रक्त येतं ते मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून. मधोमध तडा गेला तर कोपराकडच्या बाजूच्या तुकड्याला रक्त कमी पडू शकतं, हाड जुळायला महिने लागतात, कधी जुळतच नाही. मग ऑपरेशन, आणि पुढे सांधा झिजण्याची भीती. नुसता मुरगळलाय असं समजून सही केलेल्या माणसाला हा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. उपचार कुठवर जाणार हे डॉक्टरांनी सांगण्याआधी जो वकील आकडा सांगतो, तो अंदाजपंचे बोलतो. माझ्या ऑफिसात तसं कुणी बोलणार नाही, मग त्यासाठी एक स्टार मिळाला तरी चालेल.

दुसरं, चपला आणि बाकीचा पुरावा. "मी पडले, त्यांची फरशी होती, मग पुरावा कसला?" असं पुष्कळांना वाटतं. पण नुसतं पडणं पुरत नाही. जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने वाजवी काळजी घेतली नाही, हे दिसावं लागतं. सांडलेलं किती वेळ तसंच पडून होतं, ते पुसायची काही पद्धत होती का, यावर बहुतेक दावे उभे राहतात किंवा पडतात. इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा १९७६ चा एक निकाल आमच्या कामात आजही आठवावा लागतो. एका सुपरमार्केटमध्ये सांडलेल्या दह्यावरून एक बाई घसरल्या. दही किती वेळ पडून होतं हे त्यांना सांगता येत नव्हतं. पण साधारण तीन आठवड्यांनी त्या पुन्हा तिथे गेल्या, तेव्हा सांडलेला संत्र्याचा रस पाव तास कुणी पुसला नाही, हे त्यांनी पाहिलं. तीनपैकी दोन न्यायाधीशांनी ठरवलं की असं काही जमिनीवर सापडलं, तर काळजी घेतली होती हे दुकानाने दाखवायचं, आणि त्या जिंकल्या. सगळीकडचा कायदा ग्राहकाला इतका उदार नाही, म्हणून आम्ही पुरावा हातात घेऊनच निघतो.

चपलेचा तळ गुळगुळीत होता, असं समोरचा पक्ष म्हणतोच म्हणतो. त्यामुळे पडताना पायात होतं तेच पायताण, न धुता, न वापरता, पिशवीत बांधून ठेवायचं. फरशीचीही चाचणी होते. लंबकाच्या टोकाला रबराचा तुकडा लावून तो ओल्या फरशीवर घासत नेतात. ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीवर ३६ किंवा जास्त आलं तर घसरायचा धोका कमी, २५ च्या खाली आलं तर जास्त. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, कारण मशीन जुन्यावरच नवं भरत जातं. ते जपून ठेवा असं लेखी पत्र लगेच गेलं पाहिजे, आणि त्याची पोच हवी. तोंडी विनंती केली होती, हे नंतर कुणी मान्य करत नाही.

पगाराच्या स्लिपा आणि बिलं बुडालेली कमाई आणि झालेला खर्च दाखवायला लागतात. त्याला पर्याय नाही. तुमचीही थोडी चूक होती असं ठरलं, तर बऱ्याच देशांत भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. अमेरिकेतल्या मोजक्या राज्यांत तर थोड्याशा चुकीनेही सगळाच दावा बुडू शकतो. 'चालताना मोबाईल पाहत होतात का' हा प्रश्न आम्ही तुमच्यावर संशय म्हणून विचारत नाही. विमा कंपनी विचारणारच आहे, तर तो आधी आमच्याकडून आलेला बरा.

"महिनोन् महिने काहीच हललं नाही" हेही तुम्ही लिहिलंय. उपचार चालू असताना थांबायचं असतं ते आकडा ठरवायला. कोर्टाची मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही. इंग्लंडमध्ये ती सर्वसाधारणपणे ३ वर्षं, दुसरीकडे कमी असू शकते, आणि सरकारी जागेत पडलं असेल तर काही देशांत त्याहून लवकर लेखी सूचना द्यावी लागते. नव्या वकिलांना पहिल्याच भेटीत शेवटची तारीख विचारून लिहून घ्या.

तुमची सगळी मूळ कागदपत्रं तुमची आहेत, केव्हाही घेऊन जा. स्वतः येता येत नसेल तर नव्या वकिलांचं पत्र पाठवा, त्यांच्या हाती देतो. फाईल मिळाली की त्यातली पाठवलेली पत्रं आणि त्यांच्या पोच त्यांना सगळ्यात आधी दाखवा.