खांदेरीचं भाडं

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर आमच्यातल्या एका काकांनी खांदेरी किल्ल्याच्या बेटावर जाणाऱ्या होडीच्या भाड्यावरून नाखव्याशी पंधरा मिनिटं घासाघीस केली. "समोर तर दिसतंय बेट, त्याचे एवढे?" नाखवा शांतपणे म्हणाला, "दिसतंय ना काका? मग चालत जा." सगळे हसलो. भाडं मात्र एक रुपयाने उतरलं नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं.

खांदेरी दिसते जवळ, पण वाटेतलं उंदेरी बेट मागे पडलं की होडी हलायला लागते आणि गप्पा आपोआप थांबतात. बेटावर पाहण्यासारखं भरपूर आहे. १८६७ चं दीपगृह, चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या तोफा, कोळ्यांचा वेताळ आणि दगडाने ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा तो खडक. त्याला ठोकून ठोकून लोकांनी खळगे पाडलेत. आमच्यातल्यांनीही हात धुऊन घेतले, म्हणजे आपण कुणाला काय बोलणार!

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैमध्ये, युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात खांदेरी आहे. आनंदच आहे. पण तेव्हापासून जो तो तटबंदीचं कौतुक करतोय, आणि माझं म्हणणं असं की खांदेरी तटबंदीने टिकली नाही, होड्यांनी टिकली. ऑगस्ट १६७९ मध्ये मराठा आरमाराच्या मायनाक भंडारीने इथे बांधकाम सुरू केलं, तेव्हा तट नव्हताच मुळी. मुंबई बंदराच्या तोंडावर शिवाजी महाराजांचा किल्ला इंग्रजांना कसा चालेल? त्यांनी गलबतं आणून वाट अडवली. पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही आला. तरी किनाऱ्यावरच्या छोट्या होड्या अंधारात सामान पोचवतच राहिल्या. मोठ्या जहाजांना तिथल्या उथळ पाण्याची आणि खडकांची धास्ती, यांना ते पाणी पायाखालचं. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून नाद सोडला. सिद्दीने मात्र उंदेरी बळकावली आणि तिथून मारा चालू ठेवला, ती कटकट पुढे कैक वर्षं पुरली.

ही गोष्ट बेटावर उभं राहून मनात घोळवताना शेजारी नाखवा बिडी ओढत पाण्याकडे बघत होता. आम्ही तोफांचे फोटो काढले, त्याच्या होडीचा एकानेही नाही. मीही नाही. खडक कुठे, पाणी कधी उतरतं, वारा फिरला तर होडी कुठल्या अंगाने घ्यायची, हे त्याला तोंडपाठ. वारशाच्या बातम्यांत मला तरी याबद्दल एक ओळ दिसली नाही. उद्या मोठा धक्का होईल, मोठ्या बोटी येतील, आणि पहिला धंदा याचाच जाईल अशी मला भीती वाटते.

"चला, पानी उतरतंय," म्हणून त्याने तासाभरात सगळ्यांना उठवलं. काकांचा डबा अर्धाच खाऊन झाला होता. परतताना वारा वाढला, दोन-तीन लाटा थेट अंगावर आल्या. काका होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते, डोळे मिटलेले. थळला ओहोटी लागलेली, त्यामुळे होडी लांबच थांबली. नाखव्याने स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून एकेकाला हात दिला.

काका वाळूवर आले, पँट पिळली, आणि विचारलं, "उंदेरीचं किती घेता?"