नकाशा कोरा असतानाच तरुणांना विचारा

शहराचा विकास आराखडा बहुधा पुढच्या वीसेक वर्षांचा विचार करून आखला जातो. आज पंधरा वर्षांची असलेली मुलगी पस्तिशीला येईपर्यंत त्याच रस्त्यांवरून ये-जा करणार असते. तरीही प्रारूप आराखड्यावरील सुनावणीला तिच्या वयाचे कोणी क्वचितच दिसते. सुनावणीची वेळही नेमकी शाळा-कॉलेजची असते!

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे बारावे कलम मुलांना आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळण्याचा हक्क देते. यातला दुसरा भाग सोयीस्करपणे बाजूला राहतो. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेल्या सहभागाच्या शिडीला आठ पायऱ्या आहेत, आणि खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांकडून आपलेच म्हणणे वदवून घेणे, त्यांना शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते बोलावणे, यांना ते सहभाग मानतच नाहीत. तरुणांशी होणारे बरेचसे ‘संवाद’ मला याच तीन पायऱ्यांवर अडलेले दिसतात.

मुले अवास्तव मागण्या करतील, हा आक्षेप मला पटत नाही, कारण खर्चाचे आकडे समोर ठेवले की मागण्या आपोआप जमिनीवर येतात. बॉस्टन शहराने २०१४ मध्ये दहा लाख डॉलर कशावर खर्च करायचे, हे १२ ते २५ वयाच्या रहिवाशांच्या मतदानावर सोपवले. मतदानाआधी तरुणांच्याच गटांनी अधिकाऱ्यांसोबत बसून आलेल्या कल्पना तपासल्या आणि त्यांचे प्रस्ताव तयार केले. व्हिएन्नाचा अनुभव तर अधिक बोलका आहे. नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांकडे फिरकेनाशा होतात, हे तिथे १९९० च्या दशकात ध्यानात आले. मोकळ्या मैदानाचा ताबा मुलगे घेत होते. मग काही बागांत मैदानाचे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, आणि मुली परतल्या. बागेत न येणाऱ्या मुलीची अडचण हरकती-सूचनांच्या अर्जात कधीच उमटत नाही. त्यासाठी तिच्यापर्यंत जावे लागते.

म्हणूनच वेळ महत्त्वाची आहे. कोणती जागा कशासाठी राखायची, ही आरक्षणे नकाशावर टाकून झाल्यावर बाकांचा रंग विचारण्यात काही अर्थ नाही. जागा ठरण्याआधी विचारावे, अंदाजपत्रकातला काही हिस्सा खरोखर त्यांच्या हाती द्यावा, आणि जी सूचना फेटाळली तिचे कारण सुचवणाऱ्याला ठरावीक मुदतीत लेखी कळवावे.