खुलासा : प्रथमोपचार पेटीत पेरॉक्साइड आणि कापूस?

‘पेटीत हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणि कापूस ठेवा, जखमेवर ओतून फेस आला की जंतू मेले, मग कापूस ठेवून पट्टी बांधा’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

फेस येतो तो रक्तातल्या आणि पेशींमधल्या कॅटलेज या विकरामुळे (एन्झाइममुळे). पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, त्याचे ते बुडबुडे. स्वच्छ जखमेवरही फेस येतोच, त्यामुळे त्यावरून जंतूंचं काहीच कळत नाही. उलट जखम भरून आणणाऱ्या नव्या पेशींना पेरॉक्साइडने इजा होते. साधी जखम पिण्याच्या वाहत्या पाण्याने पाचेक मिनिटं धुवावी, एवढं पुरतं. कापसाचे तंतू जखमेत चिकटतात आणि काढताना खपली उचकटते. तिथे निर्जंतुक गॉजच (जाळीदार कापडाची घडी) हवा.

म्हणून पेटीत १० × १० सेंटीमीटरचे सुटे, सीलबंद गॉज किमान दहा, ५ आणि १० सेंटीमीटर रुंदीच्या रोलर पट्ट्या, चिकटपट्टी, हातमोज्यांचे दोन जोड आणि बोथट टोकाची कात्री ठेवा. रक्त वाहत असेल तर गॉज घट्ट दाबून धरा आणि दहा मिनिटं उचलून बघू नका (नेमकी इथेच घाई होते). गॉज भिजला तर तो न काढता वर दुसरा ठेवा. रक्त थांबत नसेल किंवा उसळून येत असेल, तर दाब न सोडता लगेच रुग्णवाहिका बोलवा.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. ज्या गटात पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.