टिकालचा सूर्योदय आणि सासूबाईंची चकली

माझं स्पष्ट मत आहे की सूर्य बघायला कुणी पहाटे तीनला घराबाहेर पडू नये, तो नंतर दिवसभर असतोच की. पण ग्वाटेमालात टिकाल, म्हणजे माया लोकांच्या जुन्या शहराचे जंगलातले अवशेष, बघायला गेलेल्या माणसांना हे पटत नाही. फ्लोरेस म्हणजे पेतेन इत्झा तळ्यातलं एवढंसं बेट, तिथून टिकाल साधारण 65 किलोमीटर, आणि गावातल्या झाडून सगळ्या टूरवाल्यांचं एकच पालुपद, सनराइज टूर घ्या. नवऱ्याने घेतली. मला विचारलं, पण पैसे भरून झाल्यावर.

सोबत सासूबाई. आमच्याकडे ह्युस्टनला सहा महिन्यांसाठी आल्यात आणि त्यांना घरी बसवत नाही. मी डोळे चोळत लॉबीत आले तर ह्या आंघोळ उरकून, पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज घालून, चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन तयार. "अगं, किती वेळ?" म्हणे.

पार्कच्या रस्त्यावर व्हॅनच्या दिव्यात पिवळ्या पाट्या दिसायला लागल्या, प्राणी रस्ता ओलांडतात, सावकाश हाका. एका पाटीवर जग्वार, एकीवर साप, एकीवर टर्की. मला त्यातली टर्की चालली असती. मग टॉर्च घेऊन जंगलातून पायपीट, गाइड पुढे, मी मुद्दाम मधे, कारण जग्वार उचलतो तो शेवटच्या माणसाला असं माझं शास्त्र. तेवढ्यात डोक्यावर काहीतरी सुरू झालं, वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी कपाट ओढतंय असा आवाज, आणि कपाट आपल्याच दिशेने येतंय. मी नवऱ्याचा दंड असा धरला की वळ उठला. हाउलर माकडं, गाइड म्हणाला, आवाज काही किलोमीटर जातो, माकड तसं फार मोठं नसतं. एवढुशा जिवाला कशाला हवाय तो आवाज!

चौथं मंदिर म्हणजे टिकालमधलं सगळ्यात उंच, जवळपास 65 मीटर, इसवी सन 741 च्या आसपासचं. बाजूने लाकडी जिना आहे म्हणून बरं. मी दर वळणावर 'फोटो काढते' म्हणून थांबत होते, मिट्ट काळोखात कसला फोटो ते देव जाणे. सासूबाई केव्हाच वर पोचलेल्या. वर गाइडने सगळ्यांना दगडावर बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं, आता कुणी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं.

ऐकलं. समोर धुकं. नुसतं पांढरं, वर पांढरं खाली पांढरं, आणि त्याकडे टक लावून बसलेली जगभरची वीसपंचवीस माणसं, कुणी डोळे मिटून ध्यानबिन लावलेलं. आणि त्या शांततेत, माझ्या डाव्या कानाशी, कडाम्! चकली. भाजणी नको तितकी कुरकुरीत जमलेली. सगळ्या माना वळल्या. सासूबाई शांतपणे चघळत होत्या आणि शेजारच्या ध्यानस्थ मुलीपुढे त्यांनी डबा धरला, तिने एक घेतली, मग दुसरा कडाम्. गाइडने शेवटी दोन घेतल्या.

सूर्य काही दिसला नाही. फक्त पांढऱ्याचं राखाडी, राखाडीचं हिरवं होत गेलं आणि मग एकदम झाडांच्या शेंड्यांवर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मंदिराचे तुरे वर आले. बरं होतं. म्हणजे छानच होतं, पण नवऱ्याकडे बघून मी 'बरं आहे' एवढंच म्हणाले, नाहीतर आयुष्यभर पहाटे उठवेल.

उतरल्यावर गाइडचा तास सुरू झाला. 2018 मध्ये विमानातून लेझर सोडून या भागाचा नकाशा जाहीर केला त्यात साठ हजारांवर बांधकामं निघाली, बहुतेक अजून माती-झाडांखालीच. हे ऐकल्यापासून नवरा प्रत्येक उंचवट्याशी थांबून विचारायचा, "हे पण देऊळ का?" आणि गाइड प्रत्येक वेळी 'हो' म्हणायचा, त्यामुळे आम्ही कुठेच पोचेना. मला मात्र पाण्याचं ऐकून खरंच नवल वाटलं. इथे नदी नाही. हजारो माणसं राहायची ती पावसाच्या पाण्यावर, चौकांना चुन्याचा गिलावा आणि बरोबर उतार देऊन सगळं पाणी तलावात घेतलेलं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीला इथे आणायला हवं, तीनच्या व्हॅननेच.

मोठ्या चौकात पहिलं मंदिर, जसाव चान काविल राजाची कबर याच्याच पोटात, 695 मध्ये त्याने कालाकमुल या शत्रू माया राज्याला हरवलं होतं. पायऱ्या भिंतीसारख्या उभ्या आणि चढायला बंदी. त्या बंदीच्या पाटीचा मी मनापासून फोटो काढला. "मग हे माया लोक गायब झाले कुठे?" नवऱ्याने विचारलंच. गाइड म्हणाला, "शहर सोडलं, गायब कशाला होतील? मी घरी आईशी केक्चीत बोलतो, ती माया भाषाच आहे." नवरा खाली बुटांच्या लेस बघायला लागला, तेवढ्यात वरून कोळीमाकडाने त्याच्या टोपीवर नेम धरून अभिषेक केला.

सासूबाईंना देवळांपेक्षा सेइबाचं झाड आवडलं. ही आपल्या सावरीच्याच कुळातली, खोडावर तसेच काटे. माया लोकांत हे झाड म्हणजे जगाचा खांब, मुळं पाताळात, फांद्या आकाशात, हे कळल्यावर त्यांनी चपला, म्हणजे बूट काढून प्रदक्षिणा घातली. त्या तीन फेऱ्यांत इकडे कोआतींची, म्हणजे रॅकूनच्या भाऊबंदांची, टोळी आली, शेपट्या उभ्या, लांबडं नाक सारखं वळवळतंय, आणि त्यातल्या एकाने नाक बॅगेच्या चेनच्या फटीत घालून असं सफाईने सरकवलं की मला माझ्या बॅगेची चेन अशी एका झटक्यात कधी उघडता आलेली नाही. डबा बाहेर, झाकण गायब. खायला घालायला मनाई असते हे गाइड ओरडून सांगत होता, पण कोण कुणाला घालत होतं?

व्हॅनमध्ये बसताना नवरा म्हणाला, उद्या याशा हे दुसरं माया शहर बघू, तिथे सूर्यास्त बघतात. म्हणजे दुपारी निघायचं! मी आनंदाने हो म्हणून टाकलं. मग गाइड म्हणाला, परतीला अंधार होतो, टॉर्च आणा, आणि तिथल्या तळ्यात मगरी आहेत, काठाशी जाऊ नका.

"दिसतात का पण?" सासूबाईंनी विचारलं.