701 किमी म्हणजे नागपूरची बर्डी ते दादर नाही

समृद्धी महामार्गामुळे नागपूर-मुंबई रस्ता 701 किमी झाला, म्हणजे विमानाएवढाच, असा मेसेज सगळीकडे फिरून राहिला, तो अर्धवट आहे. 701 आकडा खरा, पण तो नागपूरजवळचं शिवमडका ते आमणे, आणि आमणे म्हणजे भिवंडी तालुका, मुंबई नाही भाऊ. बर्डीतून निघालात तर हिंगण्याकडून शिवमडक्यापर्यंतचं वेगळं धरा, तिकडे आमण्याहून दादरपर्यंतचं वेगळं, ट्रॅफिकसकट. विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत साधारण 680-690 किमी, रेल्वेनं 837. अन् 701 ला ताशी 120 किमीच्या वेगानं भागून सहा तास सांगतात, त्यात डिझेल नाही, चहा नाही, लेकराला उलटी झाली तर थांबणं नाही. यावर विसंबून कोणी मुंबईहून फ्लाईट पकडायला निघेल, म्हणून लिहितोय, चांगले चार तास जास्तीचे ठेवा.